तात्पुरत्या कॅपची ताकद

रूट कॅनाल झालेल्या माझ्या दाढेवर तीन आठवड्यांसाठी बसवलेली तात्पुरती कॅप मी पाच महिने वापरली. दुखत नव्हते, म्हणून परत गेलोच नाही. एके दिवशी चिक्की खाताना ती दुभंगली. खाली दाढेची कड किडलेली निघाली. तेव्हापासून या 'तात्पुरत्या' वस्तूच्या टिकाऊपणाचा मी शोध घेतो आहे.

दवाखान्यात अशा कॅपसाठी प्रामुख्याने दोन पदार्थ वापरतात. पूड आणि द्रव कालवून होते ते अ‍ॅक्रिलिक; दोन नळ्यांच्या पिचकारीतून मिसळूनच बाहेर पडते ते बिस-अ‍ॅक्रिल. अ‍ॅक्रिलिकमध्ये रेणूंच्या लांब साखळ्या एकमेकींत नुसत्या गुंतलेल्या असतात. बिस-अ‍ॅक्रिलमध्ये त्या आडव्या बंधांनी जोडलेल्या असतात, शिवाय काचेसारखे बारीक कणही भरलेले असतात.

प्रयोगशाळेत २५ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड-रुंद पट्टी दोन आधारांवर ठेवून मधोमध दाबतात. या कसोटीत बिस-अ‍ॅक्रिल बहुधा वरचढ ठरते; पण ते ठिसूळ असते, चीर गेली की तुटते. अ‍ॅक्रिलिक आधी थोडे वाकते आणि मोडले तरी त्यालाच नवे अ‍ॅक्रिलिक लावून सांधता येते. म्हणजे ताकद आणि चिवटपणा हे दोन वेगळे गुण.

त्यात तोंडातले हवामान कठोर. लाळेतले पाणी शोषून पदार्थ मऊ पडतो, चहाने फुगतो, गार पाण्याने आकसतो, आणि घासाघासाला भार सोसतो. म्हणून काही चाचण्यांत पट्ट्या ५ आणि ५५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात हजारो वेळा आलटूनपालटून बुडवतात आणि मगच मोडून पाहतात. कारखान्यात उष्णता व दाबाखाली घट्ट केलेल्या अ‍ॅक्रिलिकच्या ठोकळ्यातून यंत्राने कोरलेली कॅप या कसोट्यांना सहसा अधिक चांगली उतरते.

पण कॅप कितीही भक्कम असली, तरी तिच्याखालचे सिमेंट मुद्दामच कच्चे ठेवलेले असते. कारण ती पुढे काढायची असते. हे सिमेंट लाळेत हळूहळू झिजते, फट पडते आणि जंतू आत शिरतात. रूट कॅनालमध्ये नस काढलेली असल्याने ठणका लागत नाही.

माझी दाढ कॅप मोडल्यामुळे किडली नव्हती; ती आधीच किडत होती. कॅप आणखी मजबूत असती, तर मला ते आणखी उशिरा कळले असते.