विश्लेषण : स्वादुपिंडाच्या आजारातून उठलेल्या कुत्र्याला चमचाभर तूपही का नको?

सलाइन संपते, उलट्या थांबतात, शेपटी पुन्हा हलू लागते आणि कुत्रा घरी येतो. पॅन्क्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाचा दाह, झालेल्या कुत्र्याच्या बाबतीत अवघड काळ इथूनच सुरू होतो. दवाखान्यात त्याच्या तोंडात काय जाते यावर डॉक्टरांचे लक्ष असते. घरी मात्र आजी, शाळेतून आलेली मुले, शेजारचे काका आणि पोळ्या करणाऱ्या मावशी असे सगळेच त्याला काही ना काही भरवत असतात. ‘आजारातून उठलाय, ताकद यायला हवी’ म्हणून पोळीला लावलेले तूप त्याला पुन्हा सलाइनवर नेऊ शकते.

स्वादुपिंडात नेमके काय बिघडते?

जठर आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागालगत असलेली ही ग्रंथी इन्सुलिन तयार करते आणि अन्न पचवणारे रसही. हे पाचक रस ग्रंथीत असताना निष्क्रिय असतात. आतड्यात पोहोचल्यावर कामाला लागतात. दाह होतो तेव्हा ते आतच सक्रिय होतात आणि ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. उलट्या, अन्नावरची वासना जाणे, मलूलपणा ही नेहमीची लक्षणे. पोटदुखी मात्र सहज ओळखू येत नाही. पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर उचललेला कुत्रा आळस देतोय असे वाटते. तो पुन:पुन्हा तसाच राहत असेल, तर पोट दुखत असण्याची शक्यता मोठी.

अनेकदा कारण सापडत नाही. तेलकट-तुपकट खाणे, कचऱ्याच्या डब्यावर मारलेला डल्ला, लठ्ठपणा, रक्तातील वाढलेले ट्रायग्लिसराइड, थायरॉइडसारखे विकार, फिटसाठी दिले जाणारे फिनोबार्बिटालसारखे औषध, यांचा संबंध आढळतो. मिनिएचर श्नाउझर या जातीत धोका जास्त असतो, पण देशी कुत्रीही यातून सुटत नाहीत. निदानासाठी सोनोग्राफी आणि कुत्र्याच्या स्वादुपिंडातील लायपेज मोजणारी ‘सीपीएलआय’ ही रक्तचाचणी एकत्र पाहिली जाते.

उपाशी ठेवायचे की भरवायचे?

‘स्वादुपिंडाला विश्रांती’ म्हणून दोन-तीन दिवस उपास घडवण्याची पद्धत एकेकाळी सर्रास होती. आता सल्ला बदलला आहे. उलट्या औषधाने आटोक्यात आणून शक्य तितक्या लवकर, अनेकदा २४ ते ४८ तासांतच, थोडे थोडे अन्न सुरू केले जाते. आतड्याच्या अस्तराला पोषण मुख्यतः त्यातून जाणाऱ्या अन्नातूनच मिळते. ते रिकामे राहिले की अस्तर कमजोर होते. त्यामुळे घरी आणल्यावर लंघनाचा प्रयोग स्वतःहून करू नये.

दिवसाचे जेवण चार ते सहा छोट्या वाट्यांत विभागावे. तोंड फिरवत असेल तर अन्न किंचित कोमट करावे, वास सुटतो आणि खाण्याची इच्छा होते. तोंड उघडून कोंबणे मात्र टाळावे. त्या अन्नाची कायमची शिसारी बसू शकते आणि घास श्वासनलिकेत जाण्याचीही भीती असते. पूर्ण दिवस काहीच खाल्ले नाही, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता पशुवैद्यांना कळवावे.

चमचाभर तुपाचा हिशेब काय?

१० किलो वजनाचा कुत्रा घेऊ. विश्रांतीच्या अवस्थेत त्याला दिवसाला साधारण ४०० कॅलरी लागतात. अशा रुग्णांसाठी दर १,००० कॅलरींमागे २० ते ३० ग्रॅमपेक्षा कमी फॅट असलेला आहार सुचवला जातो. म्हणजे या कुत्र्याच्या दिवसभराच्या जेवणात मिळून फार तर ८ ते १२ ग्रॅम. आता तूप पाहा. चहाच्या चमच्यात जवळपास ५ ग्रॅम, मोठ्या चमच्यात १३-१४ ग्रॅम. एका मोठ्या चमच्यात दिवसाची मर्यादा ओलांडली गेली, आणि जेवण अजून व्हायचेच आहे.

तूप निदान डोळ्यांना दिसते. एका अंड्याच्या बलकात सुमारे ५ ग्रॅम फॅट असते (पांढरा भाग जवळजवळ फॅटविरहित आहे, तो चालतो). म्हशीच्या कपभर दुधात १२-१३ ग्रॅम. कोरडी, निरुपद्रवी वाटणारी ग्लुकोज बिस्किटेही १०० ग्रॅममागे १२-१३ ग्रॅमपर्यंत जातात. खारी आणि बटर तर विचारूच नये. चीज, शेंगदाणे, ओले खोबरे, पेढा, मटणाची नळी आणि ‘अशक्तपणा जातो’ म्हणून दिले जाणारे पायाचे सूप हे सगळे याच खात्यात जमा होते.

मग घरी शिजवायचे काय?

सुरुवातीच्या दिवसांत मऊ शिजवलेला पांढरा भात आणि कातडी काढलेले, उकडलेले कोंबडीच्या छातीचे मांस. उकडलेले पाणी फ्रिजमध्ये गार केले की चरबीचा थर वर जमतो; तो काढून टाकला तर खालचे पाणी भातावर घालता येते. घरात मांस शिजत नसेल तर भात, उकडलेला बटाटा, लाल भोपळा आणि दूध सोसत असल्यास साय काढलेल्या दुधाचे ताजे पनीर यांचा विचार पशुवैद्यांशी बोलून करता येतो. फोडणी नाही, मीठ-मसाला नाही. कांदा-लसूण तर एरवीही कुत्र्यांसाठी विषारी.

हा आहार काही दिवसांपुरता ठीक. महिनोन्‌महिने त्यावर राहिल्यास कॅल्शियम, जस्त, जीवनसत्त्वे आणि अत्यावश्यक मेदाम्ले कमी पडतात. पुढे पशुवैद्यांनी ठरवलेली संतुलित पाककृती किंवा कमी फॅटचे औषधी खाद्य लागते. बाजारातले खाद्य घेताना पाकिटावरची टक्केवारी फसवते. ७८ टक्के पाणी असलेल्या ओल्या खाद्यावर ‘फॅट ५ टक्के’ लिहिलेले असेल, तर पाणी वजा जाता ते जवळपास २३ टक्के भरते. १२ टक्के लिहिलेले कोरडे खाद्य, १० टक्के पाणी धरून, १३ टक्क्यांच्या आसपास राहते. खाद्य बदलताना सात ते दहा दिवस घेऊन जुन्यात नवे मिसळत जावे.

औषधे देताना काय सांभाळावे?

गोळी चीजमध्ये किंवा पेढ्यात लपवण्याची युक्ती इथे चालत नाही. भाताच्या किंवा उकडलेल्या बटाट्याच्या गोळीत ती तितकीच लपते. कुत्रा कण्हतोय म्हणून घरातली आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा पॅरासिटामॉलची गोळी देऊ नये. माणसांची ही औषधे कुत्र्यांना घातक ठरू शकतात. चमकदार केसांसाठी चालू असलेली माशाच्या तेलाची कॅप्सूलही फॅटच आहे. ती सुरू ठेवायची की नाही, हे डॉक्टरांना विचारावे.

पथ्य किती दिवस?

कचऱ्यातले काही खाऊन एकदाच सौम्य त्रास झाला असेल, तर काही आठवड्यांनी पशुवैद्य हळूहळू नेहमीच्या आहाराकडे वळवू शकतात. त्रास वारंवार होत असेल किंवा ट्रायग्लिसराइड वाढलेले असेल, तर पथ्य बहुधा जन्मभराचे. वजन कमी करायचे झाल्यास आठवड्याला एक ते दोन टक्के ही गती पुरेशी. गणपती-दिवाळीत घरात पाहुणे असताना कुत्र्याला वेगळ्या खोलीत ठेवणे कठोर वाटते, पण दहा जणांना दहा वेळा समजावण्यापेक्षा ते सोपे.

पुन्हा उलट्या, पोट कडक लागणे किंवा डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर पिवळसर झाक दिसल्यास ताबडतोब दवाखाना गाठावा. रात्री कोणता दवाखाना उघडा असतो आणि तिथे सोनोग्राफी होते का, हे आधीच फोन करून विचारलेले बरे. काही बदल मात्र महिन्यांनी दिसतात. तहान आणि लघवी वाढली तर मधुमेहाची तपासणी करावी. भरपूर खाऊनही वजन घटत असेल आणि शी फिकट, तेलकट व ढीगभर होत असेल, तर पाचक रस कमी पडत असल्याची शंका घेतात; निदान झाले की अन्नावर विकरांची पूड घालून देता येते.