ठरल्या वारी येणारे माणूस

आठवड्यातील एखादी संध्याकाळ गावातील बालगृहाच्या मुलांसाठी द्यावी, असा विचार आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात येतो. परंतु पहिल्या भेटीस काय न्यावे, हा प्रश्न पडला की पाय सहजच मिठाईच्या दुकानाकडे वळतात. मिठाई मुलांना आवडतेच. मात्र सणावारी ती घेऊन येणारे पाहुणे बहुधा पुन्हा दिसत नाहीत. ज्या मुलाचे आईबाप गेले, किंवा ज्याला घर सोडावे लागले, त्याने माणसे दूर जाताना पुष्कळ पाहिलेली असतात. त्याला ठरल्या वारी परत येणारे माणूस हवे असते.

म्हणून मुलांबरोबर करावयाचा उद्योग निवडताना एकच कसोटी लावावी: आज आरंभिलेले काम पुढील भेटीची वाट पाहावयास लावील काय?

मेथीचेच उदाहरण घ्या. मूठभर दाणे रात्रभर भिजवून पसरट कुंडीत पेरले, की चारपाच दिवसांत कोंब वर येतात आणि तीनचार आठवड्यांत भाजी खुडण्याजोगी होते. मधल्या दिवसांत पाणी घालण्याचे काम मुलाकडे सोपवावे. भाजी तयार झाली, की अधीक्षकांच्या अनुमतीने ती स्वयंपाकघरात न्यावी. निवडणे, धुणे, पीठ मोजणे ही कामे मुलांनी करावी. नेहमी घेण्याची सवय झालेला हात त्या दिवशी इतरांना वाढतो. हा अनुभव कोणत्याही भेटवस्तूहून मोलाचा आहे.

दुसरा उद्योग वाचनाचा. एखादे मोठे गोष्टीचे पुस्तक निवडावे, दर भेटीस एकच प्रकरण मोठ्याने वाचावे आणि पुढे काय होईल ते मुलांना सांगू द्यावे. ज्याला वाचता येत नाही त्यालाही यात मानाने बसता येते.

साहित्याची अडचण कोणी पुढे करू नये. आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी व कोसबाड येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून आदिवासी मुलांसाठी काम केले. गुरे राखण्यामुळे मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणावर गेली. खडे, पाने आणि बिया ही तिची साधने झाली. दिल्लीत १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी बांधकामावरील मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघर सुरू केले, तेही कामाच्या जागीच. मूल जेथे आहे तेथे मोठ्यांनी जावयाचे, हा या दोन्ही कार्यांचा धडा आहे.

काही पथ्येही पाळावी लागतात. मुलाच्या पूर्वायुष्याची चौकशी करू नये. 'माझे कुटुंब' असे चित्र काढावयास सांगू नये. झाड, पाऊस किंवा आगगाडी हे विषय पुरेसे आहेत. छायाचित्रे काढून ती प्रसृत करू नयेत. अशा बालकांची ओळख प्रकट करण्यास २०१५ च्या बाल न्याय कायद्याने मनाई केली आहे. बोलता बोलता एखाद्या मुलाने आपल्यावर होणाऱ्या अत्याचाराची गोष्ट सांगितली, तर ती कोणालाही न सांगण्याचे वचन देऊ नये. शांतपणे ऐकून घ्यावे, सांगितलेस हे बरे केलेस असे म्हणावे, आणि विलंब न लावता बालकल्याण समितीस, पोलिसांस किंवा १०९८ या दूरध्वनी क्रमांकावर कळवावे.

शेवटी निरोपाविषयी. बदली होते, परीक्षा येतात, घरी आजारपण निघते. येणे केव्हातरी थांबतेच. परंतु ते एकाएकी थांबू नये. तीनचार भेटी अगोदर मुलास स्पष्ट सांगावे, शेवटचा दिवस त्याच्याबरोबर ठरवावा, आणि पुस्तक व मूठभर मेथीचे दाणे त्याच्या हाती ठेवावे. ज्याला आजवर कोणी सांगून गेले नाही, त्याला सांगून निरोप घेणारे एक तरी माणूस भेटले पाहिजे. वाचकहो, एवढे निभावेल असे वाटत असेल, तर आपला वार आजच ठरवा.