चौकाचे सौंदर्य नव्हे, चौकाचा वापर

सार्वजनिक चौक म्हटला, की कारंजे, पुतळा आणि शोभेची झाडे डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात चौक जिवंत राहतो तो तेथे दिवसभर निरनिराळ्या कामांसाठी येणाऱ्या माणसांमुळे. पुण्यातील महात्मा फुले मंडईचा परिसर हे याचे उत्तम उदाहरण होय.

शनिवारवाड्यासमोरील मैदानात भरणारा भाजीबाजार १८८६ मध्ये मंडईच्या नव्या इमारतीत आला. अष्टकोनी मनोऱ्याच्या या इमारतीला तेव्हा गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव देण्यात आले. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी या खर्चाला विरोध केला होता. हा पैसा शिक्षणावर खर्च व्हावा, अशी त्यांची भूमिका होती. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने मंडईला त्यांचेच नाव मिळाले. लोकांचा पैसा कोणासाठी, हा त्यांचा प्रश्न मात्र आजही चौकाच्या प्रत्येक आराखड्याला विचारावा असाच आहे.

मंडईत सकाळी भाजी, दुपारी शेजारच्या तुळशीबागेतील खरेदी आणि संध्याकाळी गप्पांचे फड, असा दिवस सरतो. भोवताली खाली दुकाने आणि वर बिऱ्हाडे असल्याने बाजार उठल्यावरही परिसर ओस पडत नाही. अनंत चतुर्दशीची विसर्जन मिरवणूक येथील टिळक पुतळ्यापासूनच निघते. अमेरिकी लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये हेच सूत्र मांडले होते : वेगवेगळ्या वेळी येणाऱ्या माणसांची नजर रस्त्यावर राहते, म्हणून तो सुरक्षित असतो.

नवा चौक आखताना यातून बरेच शिकता येते. कडेला कुंपणभिंत नको, उघडी दुकाने हवीत. सावली, बाके, पाणी व स्वच्छतागृहे हवीत. मालाच्या गाड्यांसाठी पहाटेची वेळ ठरवावी. फेरीवाल्यांसाठी जागा आराखड्यातच राखावी. २०१४ च्या कायद्याने शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधित्व त्यांनाच दिले आहे.

सप्टेंबर २०२४ मध्ये मंडईचे भुयारी मेट्रो स्थानक सुरू झाले. वाहनाविना येथे पोहोचणे त्यामुळे सुकर झाले आहे. मात्र मोकळी होणारी जागा पुन्हा वाहनतळाला गेली किंवा सुशोभीकरणाच्या नावाखाली टोपलीवाल्या बाईला उठविले गेले, तर चौक देखणा होईल. पण तेथे थांबायला कोणी उरणार नाही.