पॉलीची टोपी आणि डॉक्टरांची रपेट

सन १८८८ च्या ऑगस्टची ३१ तारीख नुकतीच लागली होती. लंडनच्या पूर्वेकडील व्हाइटचॅपेल या दरिद्री वस्तीत, रात्रीपुरता बिछाना भाड्याने देणाऱ्या थ्रॉल स्ट्रीटवरील एका घरातून पॉली निकल्स नावाच्या त्रेचाळीस वर्षांच्या बाईला, बिछान्याचे चार पेन्स तिच्यापाशी नाहीत एवढ्याच कारणावरून, बाहेर काढण्यात आले. आणि जाता जाता आपल्या डोक्यावरच्या नव्या टोपीचे कौतुक करीत, पैसे मी आत्ता मिळवून आणते, अशा अर्थाचे काही ती बोलून गेली. पहाटे पावणेचारच्या सुमारास बक्स रो या गल्लीत तिचे प्रेत सापडले. त्यानंतरच्या दहा आठवड्यांत आणखी चार स्त्रिया मारल्या गेल्या. खुनी सापडला नाही. परंतु एका वृत्तसंस्थेकडे आलेल्या पत्राखालच्या सहीवरून त्याला पडलेले ‘जॅक द रिपर’ हे नाव आज जगातल्या सर्व भाषांत लोकांच्या तोंडी आहे, आणि त्या पाचजणींची नावे विचारली तर भल्याभल्यांना सांगता येत नाहीत.

या प्रकरणावर अॅलन मूर या इंग्रज लेखकाने आणि एडी कॅम्पबेल या स्कॉटिश चित्रकाराने मिळून ‘फ्रॉम हेल’ नावाची चित्रकादंबरी रचली. १९८९ मध्ये ‘टॅबू’ या भयकथांच्या संग्रहमालेत ती क्रमशः येऊ लागली आणि १९९९ मध्ये पाचशेहून अधिक पृष्ठांच्या एकाच ग्रंथात बांधली गेली. १८८८ च्या ऑक्टोबरात व्हाइटचॅपेलमधील नागरिकांच्या दक्षता समितीचे अध्यक्ष जॉर्ज लस्क यांच्याकडे टपालाने एक पुडके आले, त्यात मूत्रपिंडाचा अर्धा तुकडा होता आणि सोबतच्या चिठ्ठीच्या माथ्यावर ‘नरकातून’ एवढाच पत्ता होता. ग्रंथाचे नाव त्यावरून घेतलेले आहे. अर्पणपत्रिकेत मात्र त्या पाचही स्त्रियांची नावे आहेत. या ग्रंथाविषयी वाचकांची जितकी परस्परविरोधी मते मी ऐकली आणि वाचली, तितकी दुसऱ्या कोणत्याही चित्रकादंबरीविषयी माझ्या ऐकिवात नाहीत; आणि त्या मतभेदाचे मूळ वाचकांच्या अभिरुचीत जेवढे आहे, त्याहून अधिक ग्रंथाच्या घडणीतच आहे, असे माझे मत बनले आहे.

कथानक मूरने स्वतः योजलेले नाही. १९७६ मध्ये स्टीफन नाइट या पत्रकाराने एक तर्क पुस्तकरूपाने मांडला होता, की व्हिक्टोरिया राणीचा नातू आल्बर्ट व्हिक्टर याने एका दुकानात काम करणाऱ्या मुलीशी गुप्तपणे लग्न केले, तिला मूल झाले, ही गोष्ट ठाऊक असलेल्या व्हाइटचॅपेलमधील काही बायकांनी पैसे उकळण्याचा प्रयत्न केला, आणि राजघराण्याची अब्रू राखण्यासाठी राजवैद्य सर विल्यम गल यांनी त्यांचा काटा काढला. ज्याच्या जबानीवर ही इमारत उभी होती त्या गृहस्थाने दोनच वर्षांत, खुनांविषयीची हकीकत आपण रचलेली होती, असा जबाब वर्तमानपत्राला दिला. खरे गल खुनांच्या वेळी एकाहत्तर वर्षांचे होते आणि आदल्याच वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. मूरचाही या तर्कावर विश्वास नाही, तसे त्याने ग्रंथाच्या परिशिष्टात स्वच्छ नमूद केले आहे. त्याला हवा होता तो नुसता सांगाडा, ज्यावर एका संपूर्ण शतकाचे मांस चढवता येईल.

वाचकांची पहिली तक्रार येथूनच सुरू होते. खुनी कोण हे ग्रंथाच्या आरंभीच कळून चुकते. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडावर ज्याच्या दोन पिढ्या पोसल्या गेल्या, त्या मराठी वाचकालाही हे चमत्कारिकच वाटेल, कारण रहस्यकथेचा शिरस्ता असा की मुखवटा शेवटच्या पृष्ठावर उतरावा आणि तोवर वाचकाने श्वास रोखून बसावे. २००१ मध्ये या ग्रंथावरून हॉलिवुडने चित्रपट काढला, तेव्हा निर्मात्यांनी नेमकी हीच उणीव भरून काढली: तपास करणारा इन्स्पेक्टर अॅबरलाइन देखणा नायक झाला आणि खुनी पडद्याआड लपवण्यात आला. चित्रपट पाहून ग्रंथाकडे वळलेल्या कित्येकांचा त्यामुळे विरस होतो. परंतु मूरने सांगितलेले आहे, की खुनाचा उलगडा करायचा तर तो खून ज्या समाजात घडला त्या सबंध समाजाचा उलगडा करावा लागेल, ही कल्पना आपल्याला डग्लस अॅडम्सच्या एका विनोदी कादंबरीवरून सुचली. तेव्हा अपराधी कोण हा प्रश्न त्याच्या लेखी आरंभीच निकालात निघालेला असतो. चार पेन्ससाठी एक बाई रात्री दोन वाजता रस्त्यावर का होती, हा प्रश्न उरतो, आणि त्याची चौकशी पाचशे पृष्ठांत पुरी होत नाही.

दुसरी तक्रार चौथ्या प्रकरणाची. या प्रकरणात खून नाही, पाठलाग नाही. गल आपला गाडीवान नेटली याला बरोबर घेऊन दिवसभर लंडनची रपेट करतात, आणि निकोलस हॉक्समूर या वास्तुशिल्पकाराने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेली चर्चे, जुने स्तंभ, गाडून टाकलेल्या देवता, सूर्य आणि चंद्र, पुरुषसत्ता आणि मातृसत्ता यांविषयी अखंड प्रवचन देतात. शेवटी त्या स्थळांना जोडणाऱ्या रेषांतून नकाशावर पंचकोनी तारा उमटतो. कित्येक वाचक पुस्तक येथे मिटून ठेवतात. मीही पहिल्या वाचनात हे प्रकरण अर्धे चाळले होते, आणि पुढे ते नीट वाचल्यावर माझी चूक मला उमगली. स्पिटलफील्ड्सच्या चर्चचा मनोरा कॅम्पबेलने असा काढला आहे की गाडी लहान, घोडा लहान, माणसे मुंगीएवढी, आणि वर तो पांढरट दगड सगळे आकाश अडवून उभा. शहराच्या दगडांत शक्ती असते की नाही हे मला ठाऊक नाही. परंतु ज्याने त्या मनोऱ्याच्या सावलीत चार पेन्सवाचून रात्र काढली, त्याला ती शक्ती आहे हे सांगण्यासाठी राजवैद्याची गरज नव्हती.

या गुन्हेकथेत अतिमानुष अंश किती, यावर तर वाचकांत सरळ दोन तट आहेत. ग्रंथाचा आरंभ १९२३ मध्ये बोर्नमथच्या समुद्रकिनाऱ्यावर होतो. वृद्ध अॅबरलाइन आणि एके काळी राणीच्या दरबारी भविष्य सांगणारा रॉबर्ट लीस हे दोघे वाळूतून चालत आहेत, आणि लीस कबुली देतो की आपले सगळे साक्षात्कार बनावट होते, आपण ते मनाने रचले. आणि तरीही ते सगळे खरे ठरले. पुढे गल यांना एका खुनानंतर रात्रीच्या अंधारात अचानक विसाव्या शतकातील गगनचुंबी इमारत उभी दिसते. मृत्युसमयी तर त्यांचा आत्मा काळाच्या बंधनातून सुटतो आणि मागल्यापुढल्या शतकांत संचार करतो. गल यांचे स्नेही जेम्स हिंटन यांच्या मुलाने, हॉवर्डने, चौथ्या मितीवर खरोखरच निबंध लिहिला होता. सर्व काळ एकाच वेळी अस्तित्वात असतो आणि आपण त्यातून फक्त चालत जातो, अशी जी कल्पना मूर त्यातून काढतो, तिच्यावर ग्रंथातील सगळे भूतसंचार उभे आहेत.

एक तट म्हणतो की ही दृश्ये म्हणजे पक्षाघाताने बिघडलेल्या मेंदूचे भ्रम होत. दुसरा तट म्हणतो की लेखकाने ती खरी म्हणूनच मांडली आहेत, त्यांना आजार ठरवणे हा वाचकाचा भित्रेपणा आहे. आपल्याकडे नारायण धारपांच्या कथांत अमंगल शक्ती बाहेरून येते आणि समर्थांसारखा पुरुष तिचा बंदोबस्त करतो. तेथे वाचकाला कोठे उभे राहायचे ते कळते. ‘फ्रॉम हेल’मध्ये असे अभय नाही. मला व्यक्तिशः पहिल्या तटाचे म्हणणे पुरेसे वाटत नाही, कारण भ्रमाला भविष्यातील इमारतीची खिडकीन्खिडकी दिसण्याचे कारण नाही. परंतु गल यांना दिसते ते खरे असले तरी त्याचा त्यांनी लावलेला अर्थ खोटा असू शकतो, हे दोन्ही तट विसरतात.

ग्रंथाच्या घडणीतले मूळ म्हणतो ते येथे सापडते. हा ग्रंथ दोन हातांनी झालेला आहे. शब्द पुष्कळसे गल यांच्या बाजूला आहेत. प्रवचन त्यांचे, तत्त्वज्ञान त्यांचे, साक्षात्कार त्यांचे. आणि जो वाचक शब्दांच्या आधाराने वाचतो त्याला वाटते की हे एका खुन्याचे उदात्तीकरण चालले आहे. कॅम्पबेलची लेखणी मात्र बहुतेक वेळ त्या बायकांपाशी रेंगाळते. पाचवे प्रकरण उघडून पाहावे. तेथे गल यांचा दिवस आणि पॉलीचा दिवस आळीपाळीने येतात. गल यांच्या चौकटी पाण्यात विरघळवलेल्या शाईच्या मऊ छटांनी रंगवल्या आहेत; गुबगुबीत उशा, पडद्यांतून झिरपणारा उजेड, तृप्त माणसाचे सकाळचे जागे होणे. पॉलीच्या चौकटींत ती छटा नाहीशी होते आणि उरतात नुसत्या टोकदार, घाईघाईने ओरबाडल्यासारख्या काळ्या रेघा. त्यावर टीका करणारा एक शब्दही नाही. त्या दोन प्रकारच्या शाईतला फरक ज्याला दिसला, त्याला गल यांच्या एकाही वाक्याची भुरळ पडणार नाही. चित्रे गचाळ आहेत, काळीकुट्ट आहेत, माणसे ओळखू येत नाहीत, ही या ग्रंथावरची सर्वांत मोठी वाचकीय फिर्याद. आणि ती करणाऱ्यांना मी कळकळीने सांगेन की त्याच गचाळ रेघांत पॉलीची कैफियत नोंदलेली आहे, ती दुसऱ्या कोणत्याही दप्तरात नाही.

दहावे प्रकरण मिलर्स कोर्टमधील मेरी केलीच्या खोलीत घडते. त्याविषयी मोजकेच लिहितो, कारण ते वाचणे मला फार जड गेले. बंद खोलीत गल यांचे कृत्य पानेच्या पाने चालू राहते, शब्द जवळजवळ नाहीत; मध्येच त्या खोलीच्या भिंती विरतात आणि ते आजच्या काळातील एका कार्यालयात उभे राहतात, जेथे दिव्यांच्या थंड उजेडात कर्मचारी यंत्रांसमोर बसले आहेत आणि कोणाचेही त्यांच्याकडे, किंवा त्यांच्या हातातल्या रक्ताकडे, लक्ष नाही. गल त्या माणसांच्या निर्विकारपणाने हादरतात. इतके रक्त दाखवण्याची गरज होती काय, असे विचारणाऱ्या वाचकाला मी दोष देत नाही. माझ्यापुरते सांगायचे तर, इतर रिपरकथांत खून क्षणार्धात उरकतो आणि रहस्य वाढते. येथे खून संपतच नाही, आणि म्हणूनच त्यात गोडी घेणे अशक्य होते.

तरीही एक आक्षेप मला खोडता येत नाही. २०१९ मध्ये हॅली रुबेनहोल्ड या इतिहासकार स्त्रीने ‘द फाइव्ह’ हा ग्रंथ लिहून त्या पाचजणींच्या मृत्यूपेक्षा त्यांच्या आयुष्यांचा शोध घेतला: लग्ने, मुले, दारू, घरभाडे, राबवून घेणारी गरिबांची सरकारी आश्रयस्थाने. त्यांच्यापैकी तिघी वेश्याव्यवसाय करीत होत्या याला विश्वसनीय पुरावा नाही, तत्कालीन पोलिसांनी व वृत्तपत्रांनी बेघर बाई म्हणजे वेश्या असे गृहीत धरले, असे रुबेनहोल्ड यांचे प्रतिपादन आहे. ‘फ्रॉम हेल’ने ते गृहीतक जसेच्या तसे उचलले. शिवाय, निराधार ठरलेल्या तर्काच्या बळावर एका मृत वैद्याला, ज्याने उपासमार करून घेणाऱ्या रुग्णांच्या विकाराला ‘अॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव दिले, खुनी म्हणून जगासमोर उभे करणे कितपत न्याय्य, हाही प्रश्न आहेच. मूरने परिशिष्टात पृष्ठवार खुलासे देऊन कोणती गोष्ट दप्तरातली आणि कोणती कल्पनेतली ते उघड केले आहे. परंतु परिशिष्ट वाचणारे वाचक थोडे.

ते थोडे असू नयेत असे मला मनापासून वाटते. दुसरे परिशिष्ट चित्ररूप आहे. रिपर कोण याचा शोध घेणारे शंभर वर्षांतले सगळे हौशी संशोधक त्यात फुलपाखरे पकडण्याच्या जाळ्या घेऊन माळावर धावताना दाखवले आहेत, आणि त्यांच्यात मूर स्वतःही आहे. तेथे तो कॉखच्या हिमकणाचा दाखला देतो: त्रिकोणाच्या प्रत्येक बाजूवर लहान त्रिकोण, त्यावर आणखी लहान, असे चढवत गेले तर आकृतीची कड अनंत लांब होत जाते, परंतु आतले क्षेत्रफळ एका मर्यादेपलीकडे वाढत नाही. पाच खून, एक वस्ती, एक शरद ऋतू. त्यांच्या कडेकडेने ग्रंथ वाढतच राहतील.

शेवटचा वाद चौदाव्या प्रकरणातल्या एका पृष्ठाचा. गल यांचा आत्मा काळातून वर चढत असता त्याला आयर्लंडमधील एका टेकडीवर एक स्त्री दिसते. दाराशी चार मुली आहेत, आणि त्यांची नावे मेरी केली वगळता मारल्या गेलेल्या इतर चौघींची आहेत. त्या स्त्रीला तो आत्मा दिसतो; ती घाबरत नाही; ती त्याला हाकलून लावते. ही मेरी केली काय, मग त्या खोलीत मेली ती कोण, की हे सगळे मरणाऱ्या मेंदूचे स्वप्न, यावर वाचक अजून हमरीतुमरीवर येतात. एवढ्या बारीकसारीक गोष्टींचे खुलासे देणाऱ्या मूरने या पृष्ठापाशी मात्र खुलासा नाकारला आहे आणि ज्याने त्याने आपला अर्थ लावावा असे म्हटले आहे. मी तो लावून पाहिला, आणि दर वाचनात बदललाही. परंतु त्या पृष्ठावर आलो की माझी नजर प्रथम त्या मुलींमध्ये पॉली नावाची कोणती, तिला शोधते.