भिंतीवरच्या पाच पायऱ्या

पुण्यात पाट्यांना तोटा नाही. ‘येथे वाहने लावू नयेत’पासून ‘बेल एकदाच वाजवावी’पर्यंत सारा उपदेश दुसऱ्यांना! स्वतःसाठी लावलेली पाटी मी प्रथम पाहिली ती सदाशिव पेठेतील एका स्नेह्यांच्या घरी.

त्यांचा अठ्ठावीस वर्षांचा मुलगा स्वमग्न आहे. बोलणे मोजके, कान मात्र विलक्षण तीक्ष्ण. गणेशोत्सवाआधी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला की या घराच्या पोटात गोळा येई. आवाज असह्य झाला म्हणजे मुलगा स्वतःचेच मनगट चावी. आवरायला गेलेल्या आईच्या हातावर अजून वण आहेत. मग सारेच ‘शांत हो, शांत हो’ म्हणून ओरडत. (ही रीत आपल्याकडे घरोघरी आहेच!)

आता भिंतीवर पाच पायऱ्यांचे चित्र आहे. खालची हिरवी, वरची लाल. पहिलीवर तो स्वस्थपणे चहा पितानाचा फोटो. तिसरीवर कानांवर हात ठेवलेला. तिथे बोट टेकले की आतल्या खोलीत जाऊन हेडफोन चढवायचा. चौथीवर त्याच्याशी कोणी अक्षर बोलायचे नाही.

कॅरी डन ब्यूरॉन व मित्झी कर्टिस या अमेरिकन शिक्षिकांनी २००३ साली अशा पाच अंकी मोजपट्टीवर पुस्तक लिहिले. त्याच्या कितीतरी आधी, नॉर्थ कॅरोलिना राज्यात १९७२ साली सुरू झालेल्या एरिक शॉप्लर यांच्या ‘टीच’ कार्यक्रमाने सारा दिनक्रमच चित्रांत मांडायला सुरुवात केली होती. उच्चारलेला शब्द विरून जातो, चित्र जागच्या जागी थांबते. माणूस बेभान होऊ लागला की कानी पडणारा उपदेशही त्याला गोंगाटच वाटतो.

आईने आधी दुकानातली ससे-अस्वलांची चित्रे लावली होती. त्याने ती टराटरा फाडली. बरोबरच केले! मग एका निवांत दुपारी त्याचेच फोटो काढले, कोणता कुठे लावायचा ते त्यानेच ठरवले.

यंदा विसर्जनाच्या दिवशी तो दोनदा चौथीवर चढला, दोनदा उतरला. तिसऱ्यांदा मात्र पाचवी गाठलीच. मनगटाला पट्टी बांधावी लागली.

दुसऱ्या दिवशी वडील फोनवर कुणाशी तरी तावातावाने भांडत होते. मुलगा उठला, त्यांचा हात धरून भिंतीपाशी घेऊन गेला आणि त्यांचे बोट चौथ्या पायरीवर टेकवले. वडिलांनी फोन ठेवला नि मुकाट्याने गॅलरीत जाऊन उभे राहिले. घरात कोणी त्यांच्याशी बोलले नाही.