नास्तिकाची साक्ष

बाजारपेठेंत उधारीचा व्यवहार ठरत असतां समोरच्या गृहस्थाच्या मिळकतीची चौकशी होते, आणि तिच्या जोडीला आणखी एक प्रश्न हमखास विचारला जातो : "माणूस देवाला भिऊन चालणारा आहे ना?" होकार मिळाला म्हणजे सावकाराचें मन निम्में निर्धास्त होतें. या साध्या प्रश्नाच्या पोटीं एक मोठा सिद्धांत दडलेला आहे. ज्याला देवाचें भय नाहीं त्याच्या शब्दाला तारण नाहीं, हा तो सिद्धांत होय. ख्रिस्ती धर्माच्या अनेक समर्थकांनीं तो युरोपांत शतकानुशतकें मांडला, इंग्लंडच्या कायद्यानें तो उचलून धरिला, आणि अखेरीस न्यायाच्या कचेरींत त्याची कसोटी लागली. त्या कसोटीचा इतिहास आमच्या वाचकांस, विशेषेंकरून व्यापारी वाचकांस, मननीय वाटेल असा आहे. नीतीला धर्माचा आधार लागतो कीं नाहीं, हा वाद पोथ्यांपेक्षां साक्षीदाराच्या पिंजऱ्यांतच अधिक उघडा झाला आहे.

प्रख्यात तत्त्वज्ञ जॉन लॉक यानें १६८९ सालीं धर्मसहिष्णुतेवर जें पत्र प्रसिद्ध केलें, त्यांत निरनिराळ्या पंथांना मोकळीक द्यावी असा त्यानें जोराचा पुरस्कार केला. परंतु देव न मानणाराला त्यानें त्या मोकळिकींतून वगळलें. वचन, करार आणि शपथ हीं समाजाचीं बंधनें. मनांतून देव काढून टाकला कीं हीं सर्व बंधनें सैल पडतात, असें त्याचें म्हणणें होतें. त्याच्या सातच वर्षें आधीं, १६८२ सालीं, पिएर बेल या फ्रेंच प्रॉटेस्टंट ग्रंथकारानें नेमकें उलट प्रतिपादन केलें होतें. मनुष्य आपल्या मतांप्रमाणें क्वचितच वागतो. स्वभाव, संवय आणि लौकिकाची चाड यांच्याच ओढीनें तो बहुधा चालतो. सबब नास्तिकांचा समाजहि सुरळीत चालूं शकेल, असें बेल याचें मत. हे दोघेहि ख्रिस्ती होते, हें येथें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

पुढें हा प्रश्न एका हिंदी व्यापाऱ्यामुळें थेट इंग्रज न्यायासनापुढें आला. कलकत्त्याच्या ओमीचंद नांवाच्या व्यापाऱ्याचा बार्कर या इंग्रजाशीं पैशाच्या देवघेवीचा तंटा होता. ओमीचंदाच्या बाजूच्या हिंदु साक्षीदारांनीं कलकत्त्यास आपल्या चालीप्रमाणें ब्राह्मणाच्या पायाला हात लावून शपथ घेतली व जबान्या दिल्या. ख्रिस्ती नसलेल्या माणसाची साक्ष घेऊं नये, असें कोक या मोठ्या कायदेपंडितानें पूर्वींच लिहून ठेविलें होतें. तेव्हां या जबान्या ग्राह्य धरावयाच्या कीं नाहीं, असा पेंच पडला. १७४४ सालीं लॉर्ड हार्डविक यांनीं इतर वरिष्ठ न्यायाधीशांस सोबत घेऊन त्या ग्राह्य ठरविल्या. शपथेचें मर्म बायबलाला स्पर्श करण्यांत नसून असत्याला शासन करणाऱ्या ईश्वरावरील विश्वासांत आहे, आणि तो विश्वास हिंदूंच्या ठिकाणींहि आहे, असा त्या निकालाचा आशय होता.

या निकालानें हिंदु व्यापाऱ्याला न्यायाचें दार उघडलें, ही आनंदाची गोष्ट खरी. परंतु त्याच दाराची कडी नास्तिकाच्या बाबतींत अधिक घट्ट बसली. देव किंवा पारलौकिक शासन आपण मानीत नाहीं असें जो स्पष्ट सांगेल त्याची साक्ष घ्यावयाची नाहीं, हा नियम पुढें सव्वाशें वर्षें चालला. ज्याला साक्ष देतां येत नाहीं त्याला दादहि मिळत नाहीं. १८५७ सालीं लंडनच्या एका पोलीस-कोर्टांत चोराविरुद्ध फिर्याद घेऊन आलेल्या एका परदेशी गृहस्थाला एवढ्याच कारणावरून विन्मुख जावें लागलें. चोर कोणता देव मानतो, हें विचारण्याची मात्र कायद्याला गरज नव्हती!

जॉन स्टुअर्ट मिल यानें १८५९ सालच्या आपल्या 'ऑन लिबर्टी' या ग्रंथांत ही हकीकत नमूद केली आणि त्या नियमांतील विसंगति चव्हाट्यावर आणिली. मनुष्य नास्तिक आहे हें कोर्टाला कळावयाचें कसें? त्याच्याच तोंडून. जो लबाड आहे तो "मी देव मानतों" असें म्हणून खुशाल पिंजऱ्यांत उभा राहतो. जो खरा आहे तो लोकनिंदा पत्करून आपलें मत सांगतो आणि बाहेर घालविला जातो. म्हणजे खोटें बोलणाराला आंत घेणारी व खरें बोलणाराला बाहेर ठेवणारी ही चाळणी! शिवाय ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवूं नये असें कायदा म्हणतो, त्याच्याच शब्दावर पूर्ण विश्वास ठेवून कायदा त्याला बाहेर काढतो. कोणता व्यापारी असला तराजू आपल्या दुकानांत एक दिवस तरी ठेवील?

१८६९ सालीं पार्लमेंटानें हा दोष दूर केला व अशा साक्षीदारांस शपथेऐवजीं प्रतिज्ञा करण्याची मुभा दिली. परंतु पार्लमेंटानें स्वतःच्या दाराशीं तोच खेळ पुन्हा मांडला. उघड नास्तिक म्हणून गाजलेला चार्ल्स ब्रॅडलॉ १८८० सालीं नॉर्दम्प्टनहून निवडून आला. त्यानें प्रतिज्ञा करूं द्यावी म्हणून मागणी केली. ती नाकारली गेली. मग तो शपथ घेण्यास सिद्ध झाला. तर नास्तिकाची शपथ निरर्थक म्हणून तीहि घेऊं दिली नाहीं. मतदार त्याला पुन:पुन्हा निवडून देत होते आणि सभागृह त्याला पुन:पुन्हा बाहेर ठेवीत होतें. या प्रसंगीं त्याच्या बाजूनें उभा राहिला तो कोणी धर्मद्वेष्टा नव्हे, तर मुख्य प्रधान ग्लॅडस्टन! त्याची ख्रिस्तनिष्ठा त्याच्या शत्रूंनाहि मान्य होती. प्रतिज्ञेच्या बिलावर १८८३ सालीं केलेल्या भाषणांत त्यानें दाखवून दिलें कीं, कोणताहि एखादा देव मानणाराला आंत घेणारी आणि नास्तिकाला तेवढें अडविणारी शपथ ख्रिस्ती धर्माचें कांहींच रक्षण करीत नाहीं. उलट धर्माच्या नांवावर अन्याय होत असलेला लोकांस दिसला म्हणजे त्यांचें मन धर्माविषयींच साशंक होतें. तें बिल २८९ विरुद्ध २९२ अशा अवघ्या तीन मतांनीं पडलें. १८८६ सालीं ब्रॅडलॉला अखेर आपली जागा मिळाली, आणि १८८८ सालीं त्याच्याच खटपटीनें शपथ नको असणारांस सर्वत्र प्रतिज्ञेचा हक्क मिळाला.

हाच ब्रॅडलॉ १८८९ सालीं मुंबईच्या काँग्रेसला आला होता, आणि हिंदुस्थानचा पार्लमेंटांतील कैवारी म्हणून लोकांनीं त्याचा मोठा गौरव केला. १८९१ सालीं तो वारला, तेव्हां लंडनांत शिकत असलेले तरुण मोहनदास गांधी त्याच्या अंत्यविधीस गेले होते. तेथें कांहीं ख्रिस्ती धर्मोपदेशकहि त्याला अखेरचा मान देण्यास आले होते, असें गांधींनीं आत्मचरित्रांत नमूद केलें आहे. ज्याच्या शपथेला सभागृह किंमत देत नव्हतें, त्याच्या चारित्र्याची किंमत त्या धर्मोपदेशकांना कळली होती.

आपल्या देशांत हा प्रश्न तुलनेनें लवकर मिटला. १८४० च्या कायद्यानें गंगाजल व कुराण यांवरील शपथा बंद करून हिंदु-मुसलमानांस प्रतिज्ञा लावून दिली; १८७३ च्या कायद्यानें ज्याला शपथेची अडचण वाटेल अशा कोणालाहि ती सवलत दिली; आणि आज लागू असलेल्या १९६९ च्या कायद्यांत ईश्वराच्या नांवें शपथ किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा हे दोन्ही मार्ग खुले आहेत. याच कायद्यांत एक लहानसें कलम आहे, त्याकडे आम्ही वाचकांचें मुद्दाम लक्ष वेधतों. बारा वर्षांखालील मुलाला शपथेचा अर्थ कळत नसला, पण खरें बोलणें हें आपलें कर्तव्य आहे एवढें कळत असलें, तर त्याला शपथ न देतां त्याची साक्ष घेतां येते. म्हणजे शपथ कळण्याच्या आधीं सत्याचें कर्तव्य कळूं शकतें, हें कायद्यानेंच मान्य केलें आहे.

येथें कोणी विचारील, मग धर्माच्या बाजूनें नीतीचा कांहीं पुरावा उरला कीं नाहीं? आमच्या मतें खरा पुरावा येथूनच सुरू होतो. त्या मुलाला शपथ ठाऊक नाहीं, नरकाचें चित्र त्यानें पाहिलें नाहीं, तरी "खोटें बोलूं नये" ही आज्ञा त्याच्या मनांत कोठून आली, आणि आपल्या सोयीपेक्षां ती मोठी आहे असें त्याला कां वाटतें? कांट या जर्मन तत्त्ववेत्त्यानें १७८८ सालच्या आपल्या ग्रंथांत हाच धागा धरिला. कर्तव्य हें बक्षिसाच्या आशेनें किंवा शिक्षेच्या भीतीनें कर्तव्य ठरत नाहीं. परंतु कर्तव्याला मनःपूर्वक मान देणाऱ्या मनुष्याला, सदाचार आणि सुख यांचा मेळ घालणाऱ्या ईश्वराची श्रद्धा धरणें भाग पडतें, असें त्यानें म्हटलें. विसाव्या शतकांत ऑक्सफर्डचे अध्यापक सी. एस. लुइस यांनीं १९४१ सालापासून महायुद्धाच्या धामधुमींत रेडिओवर जीं व्याख्यानें दिलीं, त्यांतहि हाच युक्तिवाद सोप्या भाषेंत होता. लुइस हे स्वतः एके काळीं नास्तिक होते. दोन माणसें भांडतात तेव्हां प्रत्येक जण "हें न्यायाचें नाहीं" असें म्हणतो. म्हणजे दोघांनाहि बांधणारें एखादें माप आहे हें दोघेहि धरून चालतात. मग तें माप कोणाचें? असा त्यांचा सवाल आहे.

यावर प्रतिपक्षाचें उत्तर आहे, आणि तेंहि हलकें नव्हे. डार्विनने १८७१ सालीं असें दाखविलें कीं, कळपानें राहणाऱ्या प्राण्यांच्या परस्परप्रेमांतून व बुद्धीच्या वाढींतून सदसद्विवेक उत्पन्न होऊं शकतो. तेव्हां माप मनुष्यसमाजानेंच घडविलें, त्यासाठीं ईश्वर कशाला, असें नास्तिक म्हणतो. विवेक कसा वाढला हें कळलें म्हणून त्याची आज्ञा कां पाळावी हें कळत नाहीं, असें आस्तिक त्यावर बजावतो. हा वाद आम्हीं एका अग्रलेखांत मिटवावा अशी अपेक्षा कोणी करणार नाहीं. परंतु एक गोष्ट आम्हांस निःसंशय दिसते. कांट व लुइस यांचा युक्तिवाद उभाच मुळीं या पायावर आहे कीं, कर्तव्याचा आवाज आस्तिक व नास्तिक या दोघांनाहि ऐकूं येतो. म्हणून नास्तिकाचा प्रामाणिकपणा हा धर्माच्या विरुद्धचा पुरावा नसून, मनुष्यमात्राच्या हृदयांत नीतीचा कायदा आहे या म्हणण्याचा तो सर्वांत निःस्पृह साक्षीदार आहे. जो धर्मोपदेशक नास्तिकाला बेइमान ठरवूं पाहतो, तो आपल्याच पक्षाचा साक्षीदार पिंजऱ्यांतून खालीं ओढतो!

ख्रिस्ती धर्मांतच हें ज्यांनीं ओळखलें असे लोक होते. शपथ मुळींच वाहूं नका, तुमचें होय तें होय असूं द्या, या ख्रिस्ताच्या उपदेशाला अनुसरून क्वेकर पंथीयांनीं शपथ घेण्याचें नाकारलें व त्यासाठीं तुरुंग सोसले. शपथेवर खरें बोलावयाचें म्हटलें म्हणजे एरवीं खोटें चालतें असें होतें, हा त्यांचा आक्षेप. तेच क्वेकर दुकानांत घासाघीस न करितां एकच भाव सांगत. आणि या वागणुकीनें त्यांच्या पेढ्यांवर लोकांचा विश्वास बसला. धर्माचें याहून चांगलें समर्थन कोणत्या ग्रंथांत सांपडेल?

आमच्या महाराष्ट्रांतहि हीच साक्ष मिळते. बाबा पदमनजी यांनीं १८५४ सालीं ख्रिस्ती धर्म स्वीकारिला आणि १८५७ सालीं 'यमुनापर्यटन' लिहून विधवांचे हाल समाजापुढें मांडले. ईश्वराविषयीं अज्ञेयवादी असलेले गोपाळ गणेश आगरकर यांनीं १८८८ सालीं 'सुधारक' काढून त्याच विधवांसाठीं लेखणी झिजविली, आणि मोठ्या पगाराची वाट सोडून शिक्षणकार्यांत जन्म घालविला. दोघांच्या श्रद्धा परस्परविरुद्ध. पण विधवेच्या अश्रूंपुढें दोघांनाहि एकच आज्ञा ऐकूं आली. आगरकरांस देवाचें भय नव्हतें म्हणून त्यांना उसने पैसे देण्यास कचरणारा सावकार शहाणा ठरला असता काय?

तेव्हां आस्तिक बंधूंस आमचें सांगणें एवढेंच कीं, आपल्या श्रद्धेचें समर्थन अवश्य करावें, पण तें दुसऱ्याच्या शब्दाची किंमत उतरवून करूं नये. आणि पेढीवरील गृहस्थांनीं पुढच्या खेपेस उधारीची चौकशी करितांना समोरचा देवाला भितो कीं नाहीं हें विचारण्याऐवजीं, मागच्या वायद्याला त्यानें पैसे दिले कीं नाहीं, आणि त्याचीं मापें पुरीं भरतात कीं नाहीं, हें विचारावें. देव मानणारा असेल, तर त्याच्या देवालाहि हीच चौकशी अधिक पसंत पडेल.