निळा दिसणारा पांढरा गणपती

पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या गाडीने जिते स्थानक सोडले, की हमरापूर येते. पेण तालुक्यातील हमरापूर, जोहे ही गावे गणपतीच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहेत. अशाच एका कारखान्यात, निळ्या प्लास्टिकच्या छपराखाली ठेवलेल्या कच्च्या, म्हणजे न रंगवलेल्या मूर्तीचे मी मोबाईलने छायाचित्र घेतले. डोळ्यांना मूर्ती पांढरी दिसत होती; चित्रात मात्र ती निळसर! दूरच्या गिऱ्हाइकाला असे चित्र कसे पाठवावे?

निळ्या कापडातून येणाऱ्या उजेडात निळा प्रकाश अधिक असतो. आपला मेंदू तो निळेपणा बराचसा वजा करतो. कॅमेऱ्याला ते दर वेळी साधत नाही.

डिजिटल छायाचित्र म्हणजे आकड्यांचा तक्ता. नेहमीच्या चित्रात प्रत्येक ठिपक्याचे, म्हणजे पिक्सेलचे, लाल, हिरवा व निळा असे तीन आकडे असतात. प्रत्येक ० ते २५५ यांमधला. चित्र सुधारणे म्हणजे या आकड्यांवरचे गणित.

प्रथम मूळ चित्र जपून ठेवा व प्रतीवर काम करा. जेपेग चित्र बदलून पुन्हा पुन्हा साठवले, तर त्यातील तपशील थोडा थोडा गळतो. मग तिरके चित्र सरळ करा, कडेचा नको असलेला भाग कापा.

आता रंगांचा तोल. समजा, मूर्तीच्या पोटावरील पिक्सेलचे आकडे लाल १५०, हिरवा १८०, निळा २२५ आहेत. पांढऱ्या किंवा करड्या वस्तूचे तिन्ही आकडे सारखे हवेत. म्हणून साऱ्या चित्रातील लाल आकड्यांना १.२ने व निळ्यांना ०.८ने गुणा. पोटावर तिन्ही १८० होतात आणि निळेपणा जातो! हिशेब ढोबळ आहे, पण तत्त्व हेच.

त्यानंतर उजळपणा ठरवा. शेवटी कडा किंचित ठळक करा. अति केल्यास चित्रातील खरखरही ठळक होते.

एक गोष्ट मात्र कोणत्याही गणिताला जमत नाही. सोंडेच्या ज्या भागावर थेट ऊन होते, तेथे तिन्ही आकडे २५५ झाले होते. चित्र काळोखे केले, तेव्हा तो भाग सपाट करडा झाला; सोंडेच्या वळ्या काही परतल्या नाहीत. जे नोंदलेच गेले नाही, ते परत कोठून येणार? एखादी संगणकप्रणाली तेथे वळ्या रेखाटून देईलही, पण त्या मूर्तिकाराच्या हातच्या नसतील, आणि गिऱ्हाइकाची फसवणूक होईल.

घरी निळ्या प्लास्टिकखाली पांढरा कागद ठेवून हा प्रयोग करून पाहा. चित्र घेताना ऊन आधी सांभाळा, गणित नंतर!